वेताळाचा प्रश्न : रहस्यकथा, भुतेखेते आणि तरुण वाचक



ह्या व्याख्यानमालेसाठी कोणता विषय घ्यावा ह्या विवंचनेत मी असता आमच्या गल्लीतील एक गृहस्थ मजकडे तक्रार घेऊन आले. त्यांची मुलगी अकरावीत शिकते. अभ्यासात ती मागे नाही, घरात कुणाला उलटून बोलत नाही. परंतु गेले सहा महिने शापित वाडे, रक्त पिणारी पिशाच्चे आणि बंद खोलीतील खून ह्यांच्या कादंबऱ्यांवाचून दुसरे काही ती हातात धरीत नाही. त्यांतील काही मराठी, बऱ्याचशा इंग्रजी; काही कागदावर, काही मोबाइलवर. "सर, हे वाचण्याजोगे आहे का, एवढेच सांगा. नसेल तर मी आजच बंद करतो," असे ते म्हणाले.

जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाला ह्या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असावे अशी त्यांची समजूत. मला ते देता आले नाही. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत माझ्या ध्यानात आले की, हा प्रश्न काही त्यांच्या घरात प्रथम उपस्थित झालेला नाही. तो ह्या महाराष्ट्रात फार जुना आहे. वेळोवेळी त्याचे निकाल लागले आहेत, ते मोठ्या अधिकारी माणसांनी दिले आहेत, आणि पुढच्या पिढीने ते फिरविलेले आहेत. कज्जा जुना असला म्हणजे शहाणा माणूस आधी मागील निकाल काढून पाहतो. तेच काम आज आपण मिळून करू.

पैठणच्या दरबारातील निकाल

ह्या वादाची पहिली हकीकत आपल्याच पैठणची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्याच्या आरंभी गुणाढ्याची गोष्ट येते. ती इतिहास म्हणून घ्यावयाची नाही, दंतकथा म्हणूनच घ्यावयाची. परंतु दंतकथेतही समाजाचा अनुभव साठलेला असतो.

गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा ह्या तिन्हींचा त्याग केला व तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाच्चांच्या भाषेत, म्हणजे पैशाचीत, त्याने विद्याधरांच्या अद्भुत कथा ऐकल्या आणि त्याच भाषेत सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहून काढले. अरण्यात शाई मिळेना, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिले. शिष्य तो ग्रंथ घेऊन राजाकडे गेले. राजाने पाहिले की भाषा पिशाच्चांची आणि अक्षरे रक्ताची. त्याने ग्रंथ धिक्कारून परत पाठविला. तेव्हा गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटविला. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. भोवती रानातील पशुपक्षी चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसले. पुढे राजवाड्यात राजाचे पोट बिघडले. वैद्य म्हणाले, मांस सुकलेले आहे. आचाऱ्यांनी पारध्यांवर बोट ठेवले, पारध्यांनी रानातला प्रकार सांगितला. राजा धावत गेला. तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झालेली होती. उरलेले एक लक्ष त्याने मागून आणले, तीच बृहत्कथा.

ह्या गोष्टीतील राजा मूर्ख नाही, दुष्टही नाही. त्याची चूक एकच झाली. त्याने ग्रंथाची भाषा पाहिली, शाई पाहिली, आणि त्यावरून ग्रंथाची जात ठरविली. वाचून मात्र पाहिला नाही. पुढील सर्व इतिहासात ही चूक आपल्याला पुनःपुन्हा भेटणार आहे.

बृहत्कथेच्या ज्या संस्कृत आवृत्त्या राहिल्या, त्यांतच वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी १८३० साली 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी बाल्यावस्थेत वेताळ आपल्या छापखान्यात येऊन बसला. ह्या कथांची ठेवण आपण सर्व जाणता. मध्यरात्रीचे स्मशान, झाडाला लटकलेले प्रेत, ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा. भयाचे सर्व साहित्य तेथे आहे. परंतु प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ते प्रेतातले भूत राजाला एक प्रश्न विचारते : ह्यांत अपराधी कोण? थोर कोण? ही कन्या न्यायाने कुणाची? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल. तेव्हा त्या स्मशानात भिण्याला फारसा वेळच नाही. न्याय करावा लागतो. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. शेवटी मला तिच्याकडेच परत यावयाचे आहे.

पहिल्या कादंबऱ्या आणि पहिला आक्षेप

आता गेल्या शतकापूर्वीच्या शतकात येऊ. १८५७ साली बाबा पदमनजी ह्या मूळच्या बेळगावच्या लेखकाने 'यमुनापर्यटन' लिहिले. विधवांच्या दुःस्थितीचे ते चित्रण होते, वास्तवाला धरून होते. परंतु वाचक त्या वाटेने गेला नाही. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' आली आणि तिने मराठी वाचकांना वेड लावले. कारस्थाने, संकटे, वियोग आणि योगायोग ह्यांनी ती भरलेली. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणीत होते. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' प्रसिद्ध झाली. तिच्यात तर राजपुत्राला आकाशातून प्रवास घडतो.

रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत एक प्रामाणिक कबुली दिली आहे. तिचा आशय असा की, आपल्याकडे लग्ने बालपणीच उरकतात, माणसांचे आयुष्य घालून दिलेल्या चाकोरीतून जाते, त्यात मनोवेधक असे फारसे घडतच नाही; तेव्हा जसे आहे तसे लिहावे तर वाचकाला गोडी कशी लागणार? ही कबुली मला फार मोलाची वाटते. अद्भुत कादंबरी तरुणांना का आवडते ह्याचे कारण तिच्यात आहे. ज्या वयात मनाला धावावयाचे असते त्या वयात पाय बांधलेले असतात. १८६८ च्या तरुणाचे पाय बालविवाहाने बांधले होते. आजच्या अकरावीतल्या मुलीचे पाय शिकवणीच्या वेळापत्रकाने बांधलेले आहेत. बांधलेल्या पायांचे मन हवेतल्या विमानात बसते, ह्यात आश्चर्य ते काय?

आक्षेपालाही वेळ लागला नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' प्रसिद्ध झाला. 'नावल' म्हणजे अर्थातच कादंबरी. त्या काळच्या कादंबऱ्यांतील असंभाव्य प्रकारांवर त्यांनी कडक टीका केली आणि जे घडू शकेल तेच लिहावे असा आग्रह धरला. मराठे ह्यांचा आग्रह चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. कादंबरीने आपल्या लोकांच्या खऱ्या जीवनाकडे पाहावे हे कुणीतरी सांगावयासच हवे होते. प्रश्न एवढाच की, खऱ्या जीवनाकडे पाहणारा लेखक तयार होतो कसा? अद्भुताचा रस्ता बंद केल्याने की त्याच रस्त्याने पुढे चालत गेल्याने? ह्याचे उत्तर पुढच्या वीस वर्षांत मिळाले, आणि ते फार चमत्कारिक मिळाले.

रेनॉल्ड्सचा शिष्य

इंग्लंडात जॉर्ज रेनॉल्ड्स ह्या नावाचा एक लेखक १८१४ ते १८७९ ह्या काळात होऊन गेला. पैशापैशाच्या साप्ताहिक अंकांतून तो लंडनची रहस्ये, खून, लांडग्याचे रूप घेणारा माणूस असल्या कादंबऱ्या लिही. इंग्रजी विद्वानांनी त्याला आपल्या पंक्तीला कधी बसू दिले नाही. आज तिकडचा सामान्य वाचक त्याचे नावही जाणत नाही. परंतु आपल्याकडे नव्याने इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी त्याची पारायणे केली. भाषांतरे झाली, रूपांतरे झाली. कॉलेजात शेक्सपिअर आणि उशाखाली रेनॉल्ड्स, अशी त्या पिढीची स्थिती होती.

त्या पिढीतील एक विद्यार्थी हरि नारायण आपटे. १८६४ चा जन्म. एकविसाव्या वर्षी, १८८५ साली, त्यांनी 'मधली स्थिती' ही आपली पहिली कादंबरी लिहावयास घेतली. तिचा आराखडा त्यांनी कोठून घेतला? रेनॉल्ड्सच्याच एका लंडन-रहस्याच्या कादंबरीतून. परंतु घेताना त्यांनी एक गोष्ट केली. लंडनच्या ठिकाणी त्यांनी पुणे ठेवले. जुने सुटलेले आणि नवे न जमलेले असे आपल्या समाजाचे संक्रमण ठेवले. आणि १८९० साली स्वतःच्या 'करमणूक' पत्रात त्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू केली. यमूची ती कहाणी वाचून महाराष्ट्रातल्या घराघरांत माणसे रडली आणि विचार करू लागली. मराठे ह्यांनी १८७२ साली मागितलेली कादंबरी हीच. ती लिहिली मात्र रेनॉल्ड्स वाचून हात बसविलेल्या माणसाने.

येथे मला अतिशयोक्ती करावयाची नाही. रेनॉल्ड्स वाचणारे हजारो होते, हरिभाऊ एकच झाले. रेनॉल्ड्स वाचला म्हणून कुणी हरिभाऊ होत नाही. परंतु रेनॉल्ड्स वाचला म्हणून हरिभाऊ बिघडले नाहीत, एवढे तर ह्यावरून सिद्ध होते. पुढचा प्रसंग वाचकाला अधीर करील तो कसा, हे त्यांनी ह्या हलक्या समजल्या गेलेल्या पुस्तकांतून उचलले आणि यमूच्या दुःखाच्या सेवेस लावले.

त्या वेळी कोल्हापूर ह्या चर्चेपासून दूर नव्हते. राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे ह्याच नगरीतून 'ग्रंथमाला' मासिक चालवीत. इतिहासाचार्य राजवाडे त्या मासिकाचे लेखक. ह्याच राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' हा निबंध लिहिला. जुन्या कागदांची राखण करणारा कठोर संशोधक कादंबरीवर लिहितो, तेव्हा तो तिला निकालात काढील असे वाटावे. तसे झाले नाही. त्यांनी अद्भुत आणि वास्तव अशा दोन्ही परींचा विचार केला, आणि मापासाठी युरोपातील थोर कादंबरीकारांची उंची पुढे ठेवली. आपले लेखक त्या उंचीला पोचत नाहीत हे त्यांनी स्पष्ट सांगितले. हा न्याय मला पैठणच्या राजापेक्षा शतपट सरस वाटतो. त्यात जात पाहिलेली नाही, उंची पाहिली आहे.

नवा वाचक आणि माझी चूक

विसाव्या शतकात अद्भुत आणि रहस्य ह्यांना भरतीच आली. गोविंदशास्त्री दातारांच्या 'इंद्रभुवन गुहा', 'कालिकामूर्ती' ह्यांसारख्या कादंबऱ्या. १९१३ सालची नाथमाधवांची 'वीरधवल'. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीचा नाद असलेला हा तरुण सिंहगडाच्या कड्यावरून कोसळला आणि त्याचे पाय कायमचे गेले. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने किल्ले, भुयारे आणि घोडदौडी ह्यांच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि दोन पिढ्यांतील तरुणांना त्यांवर धावविले. पुढे बाबूराव अर्नाळकर आले. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांचा धनंजय! हजारांहून अधिक रहस्यकथा ह्या एका लेखकाच्या नावावर आहेत. मग नारायण धारप आणि त्यांचे समर्थ. गोव्याकडचे गुरुनाथ नाईक. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. आणि किशोरांसाठी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे.

हे सर्व कोण वाचीत होते? येथे कोल्हापूरचा इतिहास आपल्याला साहाय्य करतो. येथील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. परंतु वाचनालय असणे निराळे आणि वाचता येणे निराळे. १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यानंतरच्या पिढ्यांत अशी हजारो मुले शाळेत आली की ज्यांच्या घरात त्याआधी कुणी अक्षर गिरविले नव्हते. १९४५ साली ह्याच संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला हा पहिला ग्रंथालय-कायदा. मद्रासचा त्यानंतर, १९४८ साली झाला. म्हणजे वाचक तयार करावयाचा आणि त्याच्या हाताशी पुस्तक ठेवावयाचे, ही दोन्ही कामे ह्या नगरीने अंगावर घेतली होती.

आता ह्या नव्या वाचकाने पहिले पुस्तक कोणते उचलावे? आपल्या मनात येते, चांगले उचलावे. परंतु ज्याच्या घरी पुस्तकच नाही, त्याला तीनशे पानांचे अंतर एकट्याने तोडावयाचे असते. त्या अंतरात त्याला ओढून नेणारा कुणी हवा. हे काम झुंजारने केले, धारपांच्या समर्थांनी केले.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ह्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आपल्यासमोर कबूल करतो. चाळीसएक वर्षांपूर्वी मी एका शाळेत मराठी शिकवीत होतो. आठवीच्या वर्गात शाहूवाडीकडचा एक मुलगा होता. वसतिगृहात राहणारा, अबोल, मागच्या बाकावरचा. एके दिवशी मी कविता शिकवीत असता तो बाकाखाली काही वाचताना सापडला. मुखपृष्ठावर कवटी, आत भुताची कादंबरी. मी ती काढून घेतली, वर्गासमोर त्याला दोन शब्द ऐकविले, पुस्तक कपाटात टाकले, आणि वडिलांना घेऊन यावयास फर्माविले.

वडील आले. पायांत जाड वहाणा, हातात पटका. त्यांना वाचता येत नव्हते. मी त्यांच्यापुढे गुन्हा मांडला. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, पोरगं वाचतच हुतं न्हवं? मग त्येचं चुकलं कुठं?"

मी त्यांना उत्तर दिले. ते काय दिले हे आता आठवत नाही, इतके ते फोल असले पाहिजे. पुस्तक होते भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका दुकानातले. कपाटात ते महिनाभर राहिले, दंड चढला, तो त्या मुलाने कसा भरला हे मी विचारले नाही. त्या वर्षी तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही, आणि वाचनालयाचीही नाही. सुट्टीत कपाट आवरताना मी ते पुस्तक वाचले. सांगावयास हरकत नाही, ते सामान्य होते. शेवटच्या दहा पानांत लेखकाने योगायोगाच्या कुबड्या घेतल्या होत्या. परंतु पुस्तक सामान्य आहे हे वाचून पाहिल्यानंतर मला कळले, आणि शिक्षा मी त्याआधीच दिलेली होती. पैठणच्या राजाला निदान एक लक्ष श्लोक परत मिळाले.

कायदा काय म्हणतो

आपण म्हणाल, म्हणजे काहीही वाचू द्यावे काय? अनिष्ट असे काही नसतेच काय? असते. जगभर हा विचार झालेला आहे. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थॅम ह्या मानसोपचारतज्ज्ञाने भयंकर चित्रकथांमुळे मुले गुन्हेगार होतात असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिले. त्या वर्षी तेथील प्रकाशकांनी स्वतःवर निर्बंध घालून घेतले. पुढच्या वर्षी इंग्लंडने कायदा केला आणि १९५६ साली आपल्या संसदेनेही तरुणांना अपायकारक प्रकाशनांविषयीचा कायदा केला. ह्या आपल्या कायद्यात 'तरुण' म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती. गुन्हे, क्रौर्य आणि बीभत्स वा भयानक प्रसंग ह्यांच्या कथा त्याच्या कक्षेत येतात.

परंतु त्या कायद्याची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. भयानक प्रसंग आला की पुस्तक अपायकारक, असे तो म्हणत नाही. एकंदर पुस्तकाचा परिणाम तरुण मनाला भ्रष्ट करण्याकडे होतो काय, हे पाहावयास तो सांगतो. एकंदर पुस्तक! कायद्यानेदेखील पान फाडून निकाल देण्याची मुभा ठेवलेली नाही. वर्थॅमच्या पुराव्याविषयी पुढे संशोधकांनी गंभीर शंका काढल्या. त्यांच्या टिपणांशी पुस्तक ताडून पाहता मजकूर सोयीने वाकविलेला आढळला. म्हणजे मुलांच्या काळजीपोटीही माणूस पुरावा नीट वाचीत नाही.

मग पारख कशी करावी?

आता मी त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. ह्या सर्व निकालांचे सार काढावयाचे तर मी असे म्हणेन की, 'रहस्यकथा वाचण्याजोगी आहे काय' हा प्रश्नच चुकीचा घातलेला आहे. 'ही रहस्यकथा वाचण्याजोगी आहे काय' असे विचारावे. आणि त्याची कसोटी मला वेताळाकडून मिळाली. पुस्तक मिटताना त्यातले भूत वाचकाला काही प्रश्न विचारते काय?

हे उदाहरणांनी पाहू. आपल्या कोल्हापुरात १९३८ पासून अखेरपर्यंत वि. स. खांडेकर राहिले. त्यांची १९५९ सालची 'ययाति' आपण आदराने कपाटात ठेवतो. तिच्यासाठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तिच्या मुळाशी काय आहे? एक शाप. त्या शापाने राजाला तत्काळ वार्धक्य येते आणि मुलगा आपले तारुण्य बापाला देऊन टाकतो. घडू शकेल तेच लिहावे ह्या नियमाने ही कथा पहिल्या पानाआधीच बाद व्हावयाची. परंतु ते अघटित घडल्यावर खांडेकर आपल्याला विचारतात : वासनेला अंत आहे काय? मुलाचे आयुष्य ओरबाडण्याचा बापाला अधिकार काय? अद्भुत हे तेथे प्रश्न विचारण्याचे साधन आहे.

आता त्या मुलीच्या इंग्रजी पुस्तकांतील एक घेऊ. अमेरिकेतील स्टेफनी मेयर ह्या लेखिकेची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ साली निघाली आणि जगभरच्या मुलींनी ती डोक्यावर घेतली. नायक रक्तपिशाच्च, नायिका शाळकरी मुलगी. वडीलधाऱ्यांना धसका बसतो तो पिशाच्चाचा. मला त्याचे भय वाटत नाही. सतरा वर्षांची मुलगी पिशाच्चावर विश्वास ठेवीत नाही. परंतु त्या कथेत नायक रात्री नायिकेच्या नकळत तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो आणि हे उत्कट प्रेमाचे लक्षण म्हणून येते. भिण्यासारखे काही असेल तर ते हे आहे. येथे भूत प्रश्न विचारीत नाही. जो प्रश्न वाचकाने विचारावयाचा तो गोड करून झाकतो. मग पुस्तक जप्त करावे काय? मुळीच नाही. जो प्रश्न पुस्तकाने विचारला नाही तो बापाने किंवा आईने विचारावा : "तुझ्या न कळत कुणी तुझ्या खिडकीशी उभा राहिला, तर तुला ते आवडेल काय?" हे विचारावयाचे तर बापाने पुस्तक वाचलेले असले पाहिजे. आमची अडचण तेथेच आहे.

दुसरी शंका अंधश्रद्धेची. भुताच्या गोष्टी वाचून मुले भुते मानू लागतील! ज्या महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी आणि जादूटोणा ह्यांविरुद्ध कायदा करावा लागला, तेथे ही शंका पोकळ नाही. परंतु त्या कायद्याखाली येणारे भोंदू कादंबऱ्या वाचून तयार झालेले नसतात, आणि त्यांच्या पायाशी जाणारी माणसेही बहुधा वाचणारी नसतात. गोष्टीतले भूत पुस्तक मिटल्यावर आत राहते, हे वाचकाला पहिल्याच पुस्तकात समजते. मात्र येथेही पारख हवी. जे पुस्तक शेवटी लेखकाच्या नावाने ग्वाही देते की हे सर्व खरे आहे, अमुक मंत्राने अमुक होते, तेथे गोष्ट संपून व्यापार सुरू झालेला असतो. असे पुस्तक मी मुलांच्या हाती देणार नाही.

तिसरी कसोटी साधी आहे. रहस्य कळल्यावर पुस्तक पुन्हा वाचवते काय? खुनी कोण हे ठाऊक झाल्यावर ज्यात काहीच उरत नाही, ते पुस्तक म्हणजे सुटलेले कोडे. ते एकदा वाचण्यात पाप नाही; आगगाडीत वेळ बरा जातो. परंतु धारपांची 'आजी' ही कथा एका तरुणाच्या मनात वर्षानुवर्षे राहिली आणि 'तुंबाड' ह्या २०१८ सालच्या चित्रपटातील म्हातारीच्या रूपाने बाहेर आली. ज्या कथेला असे मुळे फुटतात ती निव्वळ कोडे नसते.

आणि चौथी कसोटी पुस्तकाची नसून वाचकाची आहे. तो पुढे सरकतो आहे काय? सुहास शिरवळकर ह्या लेखकाचे उदाहरण घ्या. आरंभी त्यांनी रहस्यकथांचा रतीब घातला, आणि पुढे 'दुनियादारी' लिहिली. त्यांचे कितीतरी वाचक त्यांच्याबरोबरच एकीकडून दुसरीकडे आले. रहस्यकथा ही उंबऱ्यासारखी आहे. उंबऱ्याशिवाय घरात जाता येत नाही. परंतु कुणी जन्मभर उंबऱ्यावरच बसून राहिला तर त्याला आत बोलवावयास हवे. बोलवावयास! हात धरून ओढावयास नव्हे, आणि बाहेर ढकलावयास तर नव्हेच नव्हे.

आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. मी त्यांना म्हटले, "बंद करू नका. तिने वाचलेल्यांतले तिला सर्वांत आवडलेले पुस्तक तिच्याकडून मागून घ्या आणि तुम्ही वाचा. मग दोघांनी बसून बोला. तिला एकच विचारा, ह्यातल्या भुताने तुला काय विचारले?" ते थोडे नाराज झाले. त्यांना 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर हवे होते, आणि मी त्यांना चारशे पानांचे काम लावले होते. तरी ते पुस्तक मागून घेतो म्हणाले.

विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेताचे ओझे पंचवीस वेळा वाहावे लागले, तेव्हा ती रात्र संपली. मुलांच्या वाचनाची काळजी वाहणाऱ्यांनाही तेवढी पायपीट चुकत नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या वडिलांनी मला जे विचारले होते, त्याचे उत्तर मी त्या वेळी देऊ शकलो नाही. आज ते माझ्याकडे आहे. तुमच्या मुलाचे काही चुकले नव्हते; चुकले होते ते न वाचता निकाल देणाऱ्या मास्तराचे.